आठनंतर टाकावे

खेमसिंग तांडा, ता. घाटंजी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रंजितास आजी रुक्माबाईचे पोटभर आशीर्वाद वि.वि.

हे वि.वि. काय असते ते मले आजवर समजलं नाई. पण तू पयल्या वर्गात होती तवा तुह्या पाटीवर तूच मले अक्षरं शिकवली, अन् पत्रात हे लिहाच लागते म्हणून सांगतलं, म्हणून लिहून राह्यली. आपल्या तांड्यात फोनले रेंज येत नाई, टेकडीवर चढा लागते, अन् माहे गुडघे आता टेकडीचं नाव काढू देत नाई. गाडीवाला शाम म्हणाला, आजी, लिहून देत जा, मी वापस जातानी नेत जाईन. त हे पत्र. लांबलं त घाबरू नको.

तुही गाडी आली वं पोरी. दिवस बुडाच्या आंधी आली. तू सांगतलं होतं का यवतमाळचे हॉटेलवाले, मिठाईवाले, मंगल कार्यालयवाले रोज कितीतरी अन्न फेकतात, अन् तुह्या ऑफिसनं फोनमंदी असं काई बसवलं का त्यायनं बटन दाबलं का तुमाले समजते कोणाजवळ काय उरलं, अन् गाडी ते उचलून खाणाऱ्याजवळ नेते. मले तवा खोटं वाटलं होतं. आता डोळ्यानं पाह्यलं. पुलाव, छोले, बालुशाही. अन् ते पनीर. पनीर कायले म्हणतात त्यायले, दुधाचं खोडरबर आहे ते. पण पोट्टे तुटून पडले.

अर्धा तांडा ऊस तोडाले गेला आहे. मांगं राह्यलो आमी बुढे अन् पोट्टे. गंगी तेवढी जवान, नवऱ्यानं टाकलेली, दोन लेकरं घेऊन भावाच्या आसऱ्यानं राह्यते, ते तुले माहीत आहे. दिवसभर कापूस वेचून येते अन् मंग चूल पेटवते. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाई. भितीले टेकून बसली अन् मले म्हणे, मावशी, आज कोणीतरी आपल्याले रांधून घातलं. मी पळी घेऊन साऱ्यायच्या ताटात टाकत गेली. लग्न असल्यावानी वाटलं.

तुहा आजा मात्र जेवला नाई. हरिसिंग तो हरिसिंगच. म्हणे आपले वाडवडील बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर पोचवत, लोकायले खाऊ घालत, अन् आता आपण लोकायचं उष्टं खाचं का. मी म्हटलं बाप्पा, ताटात उरते ते उष्टं, गंजात उरते ते उरलेलं. पण तो कोरडी बाटी अन् मिरचीचा ठेचा घेऊन तोंड फिरवून बसला. बसू दे. पुलावाचा वास नाकात जातच होता ना.

पत्र टाक. लोभ आहेच तुहा, तो गरम ठेव, शिळा होऊ देऊ नको.

तुही आजी रुक्माबाई


लोहारा, यवतमाळ
२४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस रंजिताचा शि.सा.न.वि.वि.

तुझं पत्र शामनं दिलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली धरून वाचलं आणि दुधाच्या खोडरबरावर इतकी हसले की सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. साकेतनं तर ते लिहूनच घेतलं. साकेत म्हणजे माझ्यासोबत हे काम सुरू केलेला मुलगा, पुसदचा, वडील कोर्टात होते. मी बोलता बोलता ‘करून राह्यली’ म्हटलं की हसतो, पण मनानं चांगला आहे.

आजोबांना सांग, मी इथं कोणाच्या ताटातलं उचलत नाही. झाकण न उघडलेली भांडी उचलते. आधी हीच भांडी रात्री नाल्यात रिकामी व्हायची. मी पाहिलं आहे ते. डुकरंसुद्धा कंटाळून निघून जायची.

पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक डब्यावर मशीनमधून छापलेली चिठ्ठी चिकटवलेली येईल. अन्न कोणतं, कुठलं आणि वेळेची सूचना, सगळं त्यावर असेल. मजकूर साकेत लिहितो, त्याचं मराठी शुद्ध आहे. मी तपासते. शामला दहा गावं करायची असतात, तो थांबू शकणार नाही, म्हणून तांड्यात चिठ्ठी वाचून दाखवण्याचं काम तुझ्याकडे देते आहे. घेशील ना? शिकवणी मीच घेतली होती, नापास होऊ नकोस.

गुडघ्यांना तेल लाव. तुझ्या आशीर्वादाची शिळीपाकी भाकरही मला चालेल, एवढंच कळावे.

तुझी रंजिता


खेमसिंग तांडा
१५ डिसेंबर २०२४

चि. रंजितास आजीचे कपाळावर हात ठेवून आशीर्वाद वि.वि.

पास झाली वं मी. खेमसिंग नाईकानं साऱ्या तांड्यापुढं सांगतलं का डब्ब्यावरचं लिहिलेलं रुक्माबाई वाचन अन् ती म्हणन तसंच होईन. आता मी चष्मा पुसून समाजमंदिराच्या पायरीवर उभी राह्यते. सारे चूप. मी एकेक अक्षर धरून वाचते. वर लिहिलं असते, एकही घास वाया जाऊ नये. मंग पदार्थाचं नाव. अन् खाली, रात्री आठनंतर टाकावे.

पयल्या दिवशी गंगी भांडली. म्हणे मावशी, डब्बे पाच वाजता आले, पोट्टे भुकेले, आठ वाजेपर्यंत कायले थांबाचं, आताच टाक ना. मी तिले समजावलं. शिकलेल्या लोकायनं लिहिलं आहे त काई समजूनच लिहिलं असंन. शहरात लोक आठनंतरच जेवतात. अन् मले त ते पटलं, काहून का आठ वाजेपर्यंत कापूस वेचणाऱ्या बाया घरी येतात, हातपाय धुतात, सारे एका पंगतीत बसतात. नाईत आंधी आलेला खाऊन जाते अन् मांगून आलेला गंज खरडते. हे मशीन गरिबाची वाट पाह्यते म्हणलं. आठ वाजले का नाईक थाळी वाजवते, गंगी चुलीवर सारं गरम करते अन् मी टाकते. तुह्या ऑफिसनं सांगतलं तसा पंगतीचा फोटो नाईकाचा पोरगा रोज काढते अन् टेकडीवर जाऊन पाठवते.

बुढा अजून जेवत नाई. पण एका डब्ब्याचं झाकण चिरलं, शाम म्हणे ठेवून घ्या, त तो डब्बा बुढ्यानं गुपचूप उचलला अन् त्यात तंबाखू ठेवला. मी म्हटलं, पराया घरचं अन्न चालत नाई अन् डब्बा चालते काय. त म्हणे डब्बा नातीचा आहे. पाह्य कसा आहे.

ऊस तोडणाऱ्यायचा निरोप आला, सारे बरे आहेत. थंडी लय आहे. स्वेटर घालत जाय, फॅशनीसाठी कुडकुडू नको.

जवाब टाक. लोभाची थाळी वाजवून ठेवली आहे, पंगतीले ये.

आजी रुक्माबाई


लोहारा
११ एप्रिल २०२५

ती. आजीस शि.सा.न.वि.वि.

उशीर झाला, रागावली असशील. बातमी अशी आहे की नागपूरला आमच्या कामाला बक्षीस मिळालं. मंचावर मागं मोठा फोटो लावला होता, तो तुझा होता. हातात पळी, चष्मा नाकावर, आणि पुढं ताटांची रांग. तुम्ही फोटो पाठवता ना रोज, त्यातली ताटं मशीन आपोआप मोजतं. सगळ्या गावांत आपल्या तांड्याची ताटं भरलेली आणि तक्रार एकही नाही. साकेत म्हणाला, सूचना अक्षरशः पाळणारं एकच ठिकाण आहे, आणि ते तुझ्या आजीचं आहे. त्या दिवशी मी पहिल्यांदा ऑफिसात आपल्या घरच्या गोरबोलीत बोलले. कोणालाच समजलं नाही, पण टाळ्या वाजल्या.

पेपरात फोटो आला आहे, शामबरोबर पाठवते. आजोबांना दाखव. आता तरी एक ताट माझ्या नावानं जेवा म्हणावं. एवढाच माझा हट्ट आहे.

लग्नसराई आहे, गाडी भरून येईल. तुझी माया माझ्या वाट्याला उरव, मी येतेच आहे.

रंजिता


खेमसिंग तांडा
२० एप्रिल २०२५, रविवार

चि. रंजितास आजीचे नाचतनाचत आशीर्वाद वि.वि.

हे पत्र मी पायरीवर बसून लिहून राह्यली. डब्बे बाजूले आहेत. शाम उद्या नेईन. पण आजच लिहावं म्हटलं, काहून का आज जे झालं ते उद्यावर ठेवण्यासारखं नाई.

पेपर आला. बुढ्यानं तो घेतला, उन्हात नेला, सावलीत नेला, जवळून पाह्यला, लांबून पाह्यला. त्याले वाचता येत नाई. मी वाचून दाखवलं. त्यानं फोटोवरून बोट फिरवलं. अन् मंग म्हणे, हे उष्टं नाई, ही माह्या नातीची कमाई आहे, आज माहं ताट मांड. मले वाटलं चेष्टा करून राह्यला. त खरंच न्हाला, धुतलेलं धोतर नेसला, लाल फेटा बांधला अन् पाच वाजल्यापासून समाजमंदिरात येऊन बसला आहे. ऊस तोडून आलेले लोक त्याची मजा घेऊन राह्यले, का दादा, नवरदेव झाले काय. तो मिशीतल्या मिशीत हासते.

आज मोठ्या लग्नाचं आहे. पुलाव, पनीरची भाजी, अन् रबडी. हंडाभर रबडी. ऊन असं का टिनाखाली बसवत नाई. गंगी झाकण उघडून म्हणे, मावशी, जरासक आंबूस वास येते. मी म्हटलं पनीरचा वासच तसा, तुले काय माहीत. बुढ्यानं मधात दोनदा विचारलं का आता टाकते का. मी म्हटलं, पाच महिने थांबला, आता आठ वाजू दे, नातीचा नियम आहे. त गप बसला. लेकरावानी.

नाईक थाळी घेऊन उठला. आठ वाजून राह्यले. पत्र इथंच थांबवते. पयलं ताट त्याचंच टाकीन.

आजी


लोहारा
९ मे २०२५

ती. बापूंस लेक रंजिताचा शि.सा.न.

तुम्ही तुमच्या वडिलांची तेरवी आटोपून पुसदला शाळेवर गेलात, उन्हाळी सुट्टी लागली तरी तिथंच राहिलात. फोन केला की तुम्ही बोलत नाही, मग मीही बोलत नाही. म्हणून लिहिते.

तुम्हाला वाटतं तसं नाही. अन्न गाडीत चढलं तेव्हा चांगलं होतं. संध्याकाळी आल्याआल्या खाल्लं असतं तर कोणाला काही झालं नसतं, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. सगळा तांडा आजारी पडला, गंगीच्या धाकट्याला सलाईन लावलं, पण सगळे घरी परतले. आजोबा तेवढे परतले नाहीत. त्यांनी रबडी दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या उशिरा का जेवलात. गंगी म्हणाली, डब्ब्यावर लिहिलं होतं. मी डबा पाहायला मागितला. त्यावर लिहिलं होतं, रात्री आठनंतर टाकावे.

साकेतनं लिहिलं तेव्हा त्याचा अर्थ होता, आठनंतर उरलं तर फेकून द्यावे. मी ते तपासलं. आपल्या घरी ताटात भाकर कोणी वाढत नाही, टाकतात, आणि नको ते फेकतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ऑफिसात बसून वाचताना माझ्या कानात आजी नव्हती, साकेत होता. आणि ज्या चिठ्ठीवर वरती एकही घास वाया जाऊ नये असं लिहिलंय, तिच्यात खाली अन्न फेका असं असेल, हे कोणत्या बाईनं समजावं?

हिवाळाभर पंगतीचे फोटो येत होते. प्रत्येक फोटोवर वेळ होती. आठ वाजून गेलेले. मशीनला आम्ही ताटं मोजायला शिकवलं होतं. घड्याळ कोणी पाहिलंच नाही.

ऑफिसनं अहवाल केला आहे की लाभार्थ्यांनी वेळेची सूचना पाळली नाही. मी सही केली नाही. आपल्या तांड्याइतकी ती कोणीच पाळली नव्हती, हे मी त्यांना लिहून दिलं. तांड्याची गाडी सध्या बंद आहे. मी अजून कामावर आहे, ते फक्त तो शब्द सगळीकडून काढेपर्यंत.

एक मागते. आजीला सांगू नका. रबडी नासकी होती एवढंच तिला माहीत आहे. तिनं वाचलं, तिनं थांबवलं, तिनं टाकलं, हे तिला कळलं तर ती जगेल, पण कशी जगेल ते मला पाहवणार नाही. अक्षरं मी शिकवली होती तिला.

तुमच्या मायेला मी पात्र नाही, तरी ती मागे घेऊ नका.

रंजिता


खेमसिंग तांडा
६ जून २०२५

चि. रंजितास आजीचे आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकाले गंगी घाटंजीच्या बाजारात जाईन. शाम येत नाई आता.

तू आली तवा माह्याकडे पाह्यलं नाई. मले समजते. तुले वाटते का तुह्या गाडीनं आजाले नेलं. असं नको आणू मनात. जन्मभर कोरडी बाटी खाल्लेलं पोट, त्याले रबडी झेपली नाई. त्याचे दिवस भरले होते. त्याले गोड लागली होती वं पोरी. ताटाले बोट लावून चाटली, अन् माह्याकडे पाहून म्हणे, उगाच इतके दिवस रुसलो. हेच शेवटचं धडाचं बोलला. मंग पहाटेपासून नुसता पाणी पाणी करत होता.

एका बुढ्यापायी गाडी बंद करू नको. लोक घाबरले आहेत, नाई असं नाई. पण गंगी कामावरून येते अन् चुलीपुढं बसल्या बसल्या झोपते. लेकरं तशीच निजतात. भीतीनं भूक मरत नाई. मी साऱ्यायले सांगून राह्यली का गाडीचा दोष नाई, वाचून घेतलं होतं, वेळ पाळली होती, जे लिहिलं तेच केलं.

घरात त्याची काठी आहे, तंबाखूचा डब्बा आहे. मी ते हालवत नाई. वारा आला का काठी पडते. मी उचलून ठेवते.

लोभ कर, पण तब्येतीवर आंधी कर.

आजी


लोहारा
२८ जून २०२५

ती. आजीस शि.सा.न.वि.वि.

गाडी पुन्हा सुरू होते आहे. मी स्वतः मागे लागून तांड्याचं नाव परत घातलं. आता शाम पंगत संपेपर्यंत थांबेल. दुधाचं काही येणार नाही. डबे आले की लगेच जेवायचं, कोणाची वाट पाहायची नाही.

त्या दिवशी गाडीतली बर्फाची पेटी बिघडली होती, म्हणून रबडी नासली. दोष पेटीचा होता. दुसरं कुणाचंही काही चुकलं नाही, हे मनात पक्कं ठेव.

चिठ्ठ्याही नव्या केल्या आहेत, जरा सोप्या. वाचून दाखवायचं काम आता शाम करेल, तुला पायरीवर उभं राहायला नको, गुडघे दुखतात.

तुझ्या मायेत जागा ठेव.

रंजिता


खेमसिंग तांडा
१३ जुलै २०२५

चि. रंजितास आजी रुक्माबाईचे आशीर्वाद वि.वि.

गाडी आली. पोट्टे आंधी दूर उभे राह्यले, मंग शामनं स्वतः पयला घास खाल्ला तवा जवळ आले. गंगीनं भितीले पाठ टेकली. बरं वाटलं. तुहं काम चांगलं आहे, हे मी पयले लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तू ते इसरणार नाई.

शाम वाचत होता. मी म्हटलं, सवय आहे, दे इकडं. चष्मा पुसला, पायरीवर उभी राह्यली. एकही घास वाया जाऊ नये, वाचलं. भात, वरण, वाचलं. रात्री आठनंतर, वाचलं. अन् पुढच्या शब्दावर बोट थांबलं. गंगी म्हणे, मावशी, पुढं काय आहे. मी म्हटलं काई नाई, जेवा, आताच जेवा.

घरी आली. बुढ्याच्या तंबाखूचा डब्बा पयल्यांदा हालवला. त्याच्यावर जुनी चिठ्ठी अजून चिकटून आहे, कडा तेवढ्या काळ्या झाल्या. नव्या डब्ब्याचं झाकण त्याच्याजवळ ठेवलं. सारं जसंच्या तसं. रात्री आठनंतर. त्याच्यापुढं तिथं टाकावे, अन् इथं फेकून द्यावे. एकाच जागी दोन शब्द. बोट ठेवून ठेवून पाह्यले. चुलीतला जाळ इझला तरी पाहून राह्यली होती.

बर्फाची पेटी बिघडली असती, त तुमी पेटी बदलली असती. शब्द कायले बदलला असता?

मले वाचता येते, पोरी. तूच शिकवलं.

तू लपवलं ते माह्यासाठी का तुह्यासाठी, ते मी विचारत नाई. तू माह्याकडे पाह्यलं नाई ते आता समजलं. तू तुह्या भाषेत लिहिलं, मी माह्या भाषेत वाचलं, अन् मधात तो धोतर धुऊन बसला होता. दोनदा त्यानं विचारलं का आता टाकते का. ते माह्या कानातून जात नाई. तुह्याही जाऊ नये असं म्हणणार होती, पण नाई म्हणत.

पायरीवर मीच उभी राहीन. शामले दुसरे गावं आहेत, अन् तांड्यात दुसरं कोणी धड वाचत नाई. पण आता मी वाचलं का आंधी साऱ्यायले विचारते, तुमाले याचा अर्थ काय समजला. गंगी सांगते, नाईक सांगते, पोट्टेही सांगतात. कोणाचा अर्थ येगळा निघाला त ताट मांडू देत नाई. तू ऑफिसात असंच कर. कागद माह्यासारख्या बाईले वाचाले लाव, अन् मंगच छाप.

तुह्या बापूले म्हण, पुसदले एकटा बसू नको.

इथं खाली लोभ असावा लिहितात. इतक्या पत्रात मी त्याले नटवून नटवून लिहिलं. आज नाई जमत. मले तो एकच शब्द दिसून राह्यला, अन् तो आपल्या बोलीत नवऱ्यानं गंगीले केलं त्यालेही लागते. म्हणून साधं लिहिते.

मले टाकू नको.

तुही आजी
रुक्माबाई